‘पळपुटा’ हा शब्द तेवढा परत घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या खेळाच्या पानावर डाव अर्ध्यावर सोडून गेलेल्या खेळाडूंवर लेख होता. मी इथे मिशिगनमध्ये बसून तुमचा ई-पेपर रोज सकाळी चहाबरोबर वाचते, कित्येक वर्षं झाली, त्यामुळे तक्रार करायचा थोडा हक्क आहे असं धरून चालते. लेखात टेनिसवाले होते, बॉक्सर होते, ते ठीकच, मला त्यातलं फारसं कळत नाही, पण सगळ्यात शेवटी चार ओळी बॅरी सँडर्सवर होत्या आणि त्यात म्हटलं होतं की हा अमेरिकन फुटबॉलमधला पळपुटा रेकॉर्डपासून फक्त १,४५७ मीटरवर असताना मैदान सोडून गेला.

मीटर नाही हो, यार्ड. एक यार्ड म्हणजे तीन फूट. आणि रेकॉर्ड म्हणजे अख्ख्या करिअरमध्ये बॉल घेऊन पळत काढलेल्या यार्डांचा, तेव्हा तो वॉल्टर पेटनचा होता. पण ती चूक एक वेळ चालेल, पळपुटा हा शब्द चालणार नाही. ज्या माणसाचं कामच पळणं होतं आणि ते त्याने दहा वर्षं असं केलं की अजून इथली म्हातारी माणसं त्याचं नाव निघालं की हातातलं काम बाजूला ठेवतात, त्याला पळपुटा म्हणायचं म्हणजे कमालच झाली. पत्र लांब होणार आहे. जागा नसेल तर हवं तिथे कापा, फक्त दहा यार्डांची गोष्ट आहे ती कापू नका.

आधी रनिंग बॅक म्हणजे काय ते सांगते, कारण तुमच्या बहुतेक वाचकांना फुटबॉल म्हटलं की पायाने मारायचा तोच आठवणार. कबड्डीत चढाईला गेलेला गडी डोळ्यासमोर आणा. त्याच्यासमोर सातजण असतात, इथे अकरा, त्यातले पुढचे तीन-चार तर सव्वाशे किलोच्या वरचे, आणि दम संपला म्हणून मध्यरेषेकडे परत यायचं नाही, पुढेच घुसायचं. क्वार्टरबॅक, म्हणजे टीमचा डाव चालवणारा, त्याच्या पोटाशी बॉल देतो, त्याच्या बाजूचे पाच दांडगे समोरच्यांना रेटून एक फट तयार करतात, ती फट अर्धा सेकंद उघडी राहते, कधी राहतच नाही, आणि त्या अर्ध्या सेकंदात या माणसाने ठरवायचं की आत शिरायचं की वळायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे गेलात तर बॉल तुमच्याकडे राहतो. म्हणजे एका धावेत चार यार्ड मिळाले तरी रनिंग बॅकने काम चोख केलं. सँडर्सची अख्ख्या करिअरची सरासरी पाच आहे. ३,०६२ वेळा तो बॉल घेऊन पळाला, एकूण १५,२६९ यार्ड, आणि यातली बहुतेक प्रत्येक धाव कशी संपते तर कुणीतरी येऊन जमिनीवर आपटतं, कधी एक, कधी चारजण. तीन हजार वेळा कुणी तुम्हाला आपटलंय असा विचार करून बघा, मग बोलू.

मला हे सगळं कुठून माहीत? १९९४ साली लग्न होऊन इथे आले. नवरा गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका प्लँटमध्ये, रविवारीसुद्धा ओव्हरटाइम. मला गाडी येत नव्हती, बाहेर बर्फ, घरात टीव्हीवर चार चॅनल. शेजारी एक आजी राहायच्या, स्कूल बस चालवून रिटायर झालेल्या, यजमान वारलेले. त्यांनी पहिल्याच महिन्यात मला हाताला धरून आपल्या सोफ्यावर बसवलं आणि समोर डेट्रॉइट लायन्सची, म्हणजे सँडर्सच्या टीमची, मॅच लावली. पहिले तीन रविवार मला काही म्हणजे काही कळलं नाही, सगळे एकमेकांवर पडतात, शिट्टी वाजते, परत उभे राहतात. आजी म्हणाल्या सगळं बघायला जाऊ नकोस, फक्त वीस नंबर बघ, म्हणजे सँडर्स. तसं बघायला लागले आणि खेळ कळायला लागला.

वीस नंबर बुटका होता. पाच फूट आठ इंच. बाकीच्यांच्या घोळक्यात उभा राहिला की दिसायचाच नाही. याच उंचीमुळे कॉलेजातून येताना लोकांनी नाकं मुरडली होती. खरं तर १९८८ मध्ये ओक्लाहोमा स्टेटकडून त्याने ११ मॅचमध्ये २,६२८ यार्ड काढले होते, कॉलेजातल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूला हाईझमन ट्रॉफी मिळते ती त्याला मिळाली होती, तरीही १९८९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे मोठ्या टीम पाळीपाळीने कॉलेजातले खेळाडू निवडतात त्यात, तो तिसरा गेला. दुसऱ्या नंबरवर ग्रीन बेवाल्यांनी टोनी मँडरिच नावाचा एक पहाडासारखा लाइनमन घेतला. त्या वर्षीच्या पहिल्या पाचजणांपैकी चौघं आज हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, आहेत, न गेलेला एकच, तो हा मँडरिच. आजी हे दर सीझनला एकदा तरी सांगायच्या आणि सांगताना अगदी खूश व्हायच्या, कारण ग्रीन बेवर त्यांचा जुना राग.

सँडर्स कॅन्ससमधल्या विचिताचा. अकरा भावंडं, वडील घरांची छपरं घालायचे, पोरं सुट्टीत त्यांच्याबरोबर छपरावर. पहिला करार झाला तेव्हा मिळालेल्या पैशातला दहावा हिस्सा त्याने गावच्या चर्चला दिला. आणि वडील असे कडक की मुलगा एवढा मोठा झाला तरी जगात सगळ्यात भारी रनिंग बॅक कोण विचारलं की सांगायचे, जिम ब्राऊन. मुलाचं नाव नाही! आपल्याकडचे काही वडील आठवले की नाही?

आता ती दहा यार्डांची गोष्ट. ही माझ्या यायच्या आधीची, पण आजींकडून इतक्या वेळा ऐकलीय की मी तिथेच होते असं वाटतं. १९८९, त्याचं पहिलंच वर्ष, सीझनची शेवटची मॅच, अटलांटाला. लायन्स जिंकत आलेले. त्या वर्षी सगळ्यात जास्त यार्ड कुणाचे यात कॅन्सस सिटीचा ख्रिश्चन ओकोये पुढे होता, १,४८०. सँडर्सचे झाले १,४७०. पोरगा तेव्हा एकवीस वर्षांचा. कोच वेन फोंट्सने त्याला सांगितलं की दहा यार्ड कमी आहेत, जायचंय का आत? दहा यार्ड म्हणजे त्याच्यासाठी दोन धावांचं काम, त्या दिवशी तर त्याने दीडशेच्या वर काढले होते. तो म्हणाला नको कोच, मॅच जिंकू आणि घरी जाऊ. बाकावर बसून राहिला. रशिंगचा किताब ओकोयेला गेला.

संपादकसाहेब, तुमच्या लेखकाला ही एक गोष्ट माहीत असती तर पुढचं वाक्य त्याने लिहिलंच नसतं. ज्या माणसाने पहिल्या वर्षी दहा यार्डांसाठी बाकावरून उठायला नकार दिला तो दहाव्या वर्षी १,४५७ यार्डांसाठी थांबेल असं कुणाला वाटावंच का?

मी त्याला प्रत्यक्ष एकदाच बघितलं. १९९७, थँक्सगिव्हिंगचा गुरुवार. लायन्स १९३४ पासून थँक्सगिव्हिंगला घरी मॅच खेळतात, इथल्या लोकांना टर्कीइतकीच ती लागते. आजींचा मुलगा ऐनवेळी आला नाही, त्याचं तिकीट मला. मॅच पॉन्टिअ‍ॅकच्या सिल्व्हरडोममध्ये. दोन स्वेटर आणि कोट घालून गेले आणि आत गेल्यावर घामाने भिजले, कारण ते स्टेडियम बंद होतं, वर कापडाचं पांढरं छत आणि ते छत खांबांवर नाही, आतल्या हवेच्या दाबावर फुगवून उभं केलेलं. त्यामुळे दार उघडलं की आतली हवा पाठीत ढकलून तुम्हाला बाहेर फेकायची. खाली गवत नाही, हिरवा कार्पेट म्हणा ना, आणि त्याच्याखाली कडक. आजी म्हणाल्या त्याच्यावर पडणं म्हणजे पार्किंग लॉटमध्ये पडणं.

समोर शिकागो बेअर्स. सुरुवातीला तेच पुढे होते, आजी गप्प. मग वीस नंबर सुटला. एक धाव अजून डोळ्यासमोर आहे. बॉल घेतला, उजवीकडे निघाला, तिथली फट बंद झाली, आणि तो थांबला. म्हणजे खरंच थांबला, उभा राहिला, त्या गर्दीत, जिथे थांबलं की मेलास. त्याच्यावर झेपावलेला माणूस पुढे निघून गेला कारण त्याला थांबता आलं नाही. मग पाय जागच्या जागी तीन-चार वेळा असे आपटले की शिलाई मशीनची सुई, आणि डावीकडे, उलट्या बाजूला, मोकळा. मी उभी राहून ओरडत होते. मराठीत ओरडत होते, शेजारचे लोक बघायला लागले. तो पोचला टोकाला, टचडाऊन, आणि त्याने काय केलं तर बॉल पंचाच्या हातात दिला आणि परत फिरला. नाचणं नाही, बॉल जमिनीवर आपटणं नाही, छाती बडवणं नाही. एखादा माणूस दुकानदाराला सुट्टे पैसे देतो तसं. त्या दिवशी असं तीनदा झालं. १६७ यार्ड, लायन्स ५५-२० ने जिंकले, आणि त्याच दिवशी तो एरिक डिकरसनला मागे टाकून आजवरच्या यादीत दुसऱ्या नंबरवर गेला. पुढे फक्त शिकागोचाच जुना वॉल्टर पेटन, १६,७२६.

त्या सीझनची सुरुवात किती भिकार होती हे पण सांगायला पाहिजे. पहिल्या दोन मॅच मिळून ५३ यार्ड. लोक म्हणायला लागले झालं, संपला, एकोणतीस वर्षांचा रनिंग बॅक म्हणजे म्हातारा. त्यानंतर सलग १४ मॅच प्रत्येकी शंभरच्या वर. टँपामध्ये तर एका मॅचमध्ये ८० आणि ८२ यार्डांच्या दोन धावा. वर्षअखेर २,०५३. एका सीझनमध्ये दोन हजारच्या वर गेलेला तोपर्यंतचा तो तिसरा माणूस, आणि एमव्हीपीचा, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोलाच्या खेळाडूचा, मान ब्रेट फावरबरोबर वाटून मिळाला.

मी काही आंधळी भक्त नाहीये. त्याच्या खेळात एक मोठी भानगड होती आणि ती पण लिहिते. फट नसली की बाकीचे रनिंग बॅक डोकं खाली घालून दोन यार्ड तरी ओरबाडतात. हा मागे जायचा. मागे, आडवा, परत मागे, आणि पाचवेळा त्यातून चाळीस यार्ड निघायचे आणि पाचवेळा तीन यार्ड मागे जाऊन पडायचा. ३१ डिसेंबर १९९४, ग्रीन बेला प्लेऑफची, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीची, मॅच, त्याने १३ वेळा बॉल घेतला आणि एकूण यार्ड किती, तर उणे एक. तेरा धावांमध्ये उणे एक! लायन्स १६-१२ हरले. टीम गोललाइनजवळ आली की पुष्कळदा कोच त्याला बाहेर काढून दुसऱ्या दांडग्याला पाठवायचे. आजी टीव्हीला चप्पल दाखवायच्या, कोचला उद्देशून.

आणि टीम. टीमबद्दल काय बोलायचं. त्याच्या दहा वर्षांत लायन्स प्लेऑफची एकच मॅच जिंकले, जानेवारी १९९२ मध्ये डॅलसविरुद्ध ३८-६. त्यानंतरची प्लेऑफमधली जीत थेट जानेवारी २०२४. बत्तीस वर्षं. मधल्या काळात आमची मुलगी जन्मली, शिकली, नोकरीला लागली. १९९८ मध्ये लायन्स ५-११. त्याच वर्षी त्याच्यापुढे इतकी वर्षं फट काढून देणारा सेंटर, म्हणजे पुढच्या फळीतला मधला गडी, केव्हिन ग्लोव्हर, त्याला मालकांनी जाऊ दिलं, सिअ‍ॅटलला गेला. सँडर्सने पुढे स्वतः सांगितलंय की हरणं हे तिथे नेहमीचं होऊन बसलं होतं आणि त्याचा त्याला वीट आला होता.

दुसरंही होतं, ते त्याने किती मनावर घेतलं मला माहीत नाही पण आम्ही मात्र विसरलो नाही. नोव्हेंबर १९९१ मध्ये माइक अटली, त्याच्याच पुढच्या फळीतला गार्ड, त्याच सिल्व्हरडोमच्या टर्फवर पडला आणि छातीपासून खाली कायमचा लुळा झाला. स्ट्रेचरवरून नेताना त्याने अंगठा वर केला होता, तो फोटो इथे सगळ्यांनी बघितलाय. आणि २१ डिसेंबर १९९७, ज्या मॅचमध्ये सँडर्सने दोन हजार ओलांडले, त्याच मॅचमध्ये रेजी ब्राऊन हा तेवीस वर्षांचा लाइनबॅकर, बचावातला गडी, मानेवर पडला, श्वास थांबला, मैदानावरच त्याला तोंडाने श्वास द्यावा लागला. वाचला, चालायला लागला, पण खेळ संपला. आम्ही ती मॅच आजींकडे बघत होतो. दोन हजार यार्ड झाले तेव्हा स्टेडियमभर जल्लोष, आणि त्याच मॅचमध्ये त्याच टर्फवर खेळाडू गुडघ्यावर बसून प्रार्थना करतायत. आजींनी टीव्ही बंद नाही केला, आवाज बंद केला फक्त.

मग जुलै १९९९. ट्रेनिंग कॅम्प सुरू व्हायच्या तोंडावर सँडर्सने एक फॅक्स पाठवला. कुणाला, तर गावच्या पेपरला, विचिता ईगलला. टीव्हीवाल्यांना बोलावून रडणं नाही, लायन्सच्या मालकांबरोबर फोटो नाही. एक छोटं निवेदन, त्यात साधारण असं की खेळात राहायच्या इच्छेपेक्षा बाहेर पडायची इच्छा जास्त झालीय. आणि स्वतः लंडनला निघून गेला. वय ३१. १,४५७ यार्ड राहिलेले, त्याच्या नेहमीच्या हिशोबाने एका सीझनचं काम, त्याने दहाच्या दहा सीझन हजारच्या वर काढले होते.

डेट्रॉइट पेटलं. रेडिओवर फोन करून लोक नाही नाही ते बोलत होते, आणि इंग्रजीतही पळपुट्याला शब्द आहेच, तो रोज ऐकू यायचा, तुमचा लेखक काही पहिला नाही. आजी अंगणात टोमॅटोंना पाणी घालत होत्या, मी कुंपणापाशी जाऊन सांगितलं. त्यांनी पाइप तसाच एका झाडावर धरला, वाफा तुडुंब भरून पाणी वाहायला लागलं. मग म्हणाल्या, विचिताला कळवलं होय, आम्हाला नाही. राग खेळ सोडल्याचा नव्हता, कळवलं नाही याचा होता. वीस नंबरची निळी जर्सी होती त्यांची, ती कपाटात खाली गेली.

मग पैशाचं भांडण. १९९७ मध्ये सहा वर्षांचा नवीन करार झाला होता त्यात १.१ कोटी डॉलर सायनिंग बोनस. दोनच वर्षं खेळलास, उरलेल्याचा बोनस परत दे, असं लायन्स म्हणाले. मधल्या काळात त्याच्या बाजूने असंही आलं की मला मोकळं करा किंवा दुसऱ्या टीमला द्या, पैसे परत करतो. टीमने सोडलं नाही. शेवटी लवादाने सांगितलं की वर्षाला १८ लाख ३३ हजार डॉलर या हिशोबाने परत करायचे. बोनस भागिले सहा, साधं गणित. म्हणजे बघा, तुमच्या पळपुट्याने पळायचे पैसे पण भरले.

माझं मत तेव्हा बदललं जेव्हा आजींचं बदललं, आणि ते बदललं एका डब्यामुळे. त्या हिवाळ्यात त्यांचं गॅरेज आवरायला गेले होते. एका कोपऱ्यात पत्र्याचा काळा जेवणाचा डबा, गोल झाकणाचा, वर रंग उडालेला. टाकू का विचारलं तर नको म्हणाल्या. यजमान गाड्यांच्या असेंब्ली लाइनवर होते. १९७० च्या जनरल मोटर्सच्या संपानंतर इथल्या युनियनने एक सोय मिळवली होती, तीस वर्षं भरली की पेन्शन घेऊन बाहेर, लोक त्याला थर्टी अँड आऊट म्हणतात. यजमानांची तीस वर्षं ज्या शुक्रवारी भरली त्या शुक्रवारी ते शिफ्ट संपवून आले, सुपरवायझर सोमवारपासून अजून सहा महिने थांब म्हणत होता, जास्त पैसे देतो म्हणत होता. ते हो-नाही काही न बोलता घरी आले आणि डबा कचऱ्यात टाकला. आजींनी तो उचलून आणला. खांदे गेले होते, गुडघे गेले होते, एका बोटाला बधिरपणा. अख्ख्या गल्लीने त्यांचं अभिनंदन केलं, केक आणला. आजी डबा हातात घेऊन म्हणाल्या, त्याला कुणी पळपुटा म्हटलं असतं तर मी दात पाडले असते. मग जरा वेळाने, वीस नंबरची दहा म्हणजे आमची तीसच की.

हे वाक्य काही इथल्या कुठल्या पेपरात आलं नाही पण मला वाटतं ते छापायला पाहिजे होतं.

कारण रनिंग बॅकचं घड्याळच वेगळं चालतं. खेळाडूंच्या युनियनचे आकडे सांगतात त्यात त्याचं सरासरी करिअर तीन वर्षांच्याही आत येतं. सँडर्स गेला त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डेन्व्हरचा टेरेल डेव्हिस, आदल्याच वर्षी २,००८ यार्ड काढलेला, समोरच्या टीमने बॉल पकडला म्हणून त्याला अडवायला गेला आणि गुडघा गेला, परत तसा कधी खेळलाच नाही. ह्यूस्टनचा अर्ल कॅम्पबेल, १९८० मध्ये १,९३४ यार्ड, अंगावर तीन-तीनजण घेऊन पुढे जायचा, लोक टाळ्या वाजवायचे, आठ वर्षांत करिअर संपलं आणि नंतर पाठीची आणि गुडघ्यांची ऑपरेशनं, वॉकर, व्हीलचेअर. उलट एमिट स्मिथही आहे, डॅलसचा, पंधरा वर्षं खेळला, २७ ऑक्टोबर २००२ ला पेटनचा रेकॉर्ड त्याने मोडला, १८,३५५ वर थांबला, पुढे २००६ मध्ये टीव्हीवरची नाचाची स्पर्धा पण जिंकला. म्हणजे सगळ्यांचंच वाईट होतं असं मी म्हणत नाहीये. पण स्मिथला त्यासाठी ४,४०९ वेळा बॉल घ्यावा लागला, सँडर्सपेक्षा तेराशेहून जास्त वेळा, आणि त्याच्यापुढे डॅलसची ती जाडजूड फळी होती, आमच्याकडे काय होतं ते वर लिहिलंच आहे.

आता तर अजून वाईट. हायस्कूलनंतर तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएलमध्ये, म्हणजे इथल्या मोठ्या लीगमध्ये, येता येत नाही, मग लीग आणि खेळाडूंच्या युनियनच्या २०११ च्या करारानंतर नवख्यांचा पगार ठरलेला, चार वर्षं त्यातच. ती चार वर्षं संपतात तेव्हा रनिंग बॅक पंचवीस-सव्वीसचा, चांगले पाय निम्मे वापरून झालेले, आणि टीम म्हणते आता तुझ्यावर मोठा पैसा कशाला लावू, पुढच्या ड्राफ्टमध्ये नवीन मिळेल. नाहीतर फ्रँचायझ टॅग लावून, म्हणजे टीमने आपला हक्क वापरून एका वर्षाच्या ठरीव पगारावर, एकेक वर्ष अडकवायचं. २०२३ च्या उन्हाळ्यात यावरून रनिंग बॅक लोकांनी आपसात झूमवर मीटिंगसुद्धा घेतली. सेक्वॉन बार्कलीला न्यूयॉर्क जायंट्सने तेव्हा टॅगवरच ठेवला, पुढच्या वर्षी जाऊ दिला, तो फिलाडेल्फियाला गेला आणि २०२४ मध्ये २,००५ यार्ड काढून सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकला. त्यालाही डिकरसनचा एका सीझनचा २,१०५ चा रेकॉर्ड शंभर यार्डांवर होता, शेवटच्या मॅचला टीमने त्याला बसवलं, प्लेऑफसाठी पाय राखून. त्याला कुणी पळपुटा म्हटलेलं मी तरी वाचलं नाही.

२००४ मध्ये सँडर्स हॉल ऑफ फेममध्ये गेला. ओळख करून द्यायला वडील, तेच ते छपरांचं काम करणारे. आम्ही दोघींनी टीव्हीवर बघितलं. आजी त्या दिवशी जर्सी घालून बसल्या होत्या. मी काही बोलले नाही, त्या पण नाही. सिल्व्हरडोम २०१७ मध्ये पाडला, तोही पहिल्या दिवशी पडेना, सुरुंग उडाले आणि स्टेडियम जागच्या जागी, दुसऱ्या दिवशी पुन्हा उडवावं लागलं. सप्टेंबर २०२३ मध्ये फोर्ड फील्डच्या, म्हणजे लायन्सच्या आताच्या स्टेडियमच्या, बाहेर सँडर्सचा पुतळा उभा राहिला. ज्यांना फॅक्स आला नव्हता त्यांनीच उभा केला. मुलीला घेऊन बघून आले, बॉल हातात, पाय अर्धवट वळलेले, त्या पोझमध्ये कुठल्या बाजूला जाणार ते अजून सांगता येत नाही.

तर दुरुस्ती एवढीच हवीय. मीटरच्या जागी यार्ड, आणि ‘पळपुटा’ हा शब्द परत घ्यावा.

आपली,
एक नियमित वाचक, मिशिगन

ता. क. लेखाबरोबर सँडर्स म्हणून जो फोटो छापलाय त्यातल्या माणसाच्या अंगावर गडद निळी बेअर्सची जर्सी आणि ३४ नंबर आहे. तो वॉल्टर पेटन. ज्याच्या रेकॉर्डसाठी सँडर्स थांबला नाही म्हणून तुम्ही चिडलात, तोच. पेटन त्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९९९ ला, यकृताच्या आजाराने गेला, वय ४५. दुरुस्ती छापाल तेव्हा फोटो वीस नंबरचा शोधा, आणि पेटनचा दुसरीकडे नाव घालून पुन्हा छापा, त्याचीही चूक नाही.